तीन नंबरचा ड्रम

“तुमच्याकडं बोटं कुणाकुणाची गेल्यात?”

लुना स्टँडवर लावता लावता त्या बाईनं मला विचारलेला हा पहिला प्रश्न. नमस्कार नाही, चमत्कार नाही. मागच्या कॅरिअरला सुतळीनं आवळलेली पत्र्याची पेटी, पदर कमरेला घट्ट खोचलेला आणि पायात पुरुषी बूट.

“कुणाचीच नाहीत,” मी म्हणालो.

“मग वेळेत बोलवलंय,” ती म्हणाली आणि पेटीची सुतळी सोडायला लागली.

ही गोष्ट चौऱ्याण्णव सालची, सांगलीतली. माझ्या आण्णामामांची हळद पॉलिश करायची मिल होती. उकडून वाळवलेली हळकुंडं जाळीच्या मोठ्या ड्रममध्ये घालायची आणि ड्रम फिरवायचा. एकमेकांवर घासून साल झडते, मुळं झडतात आणि हळद उजळते. असे चार ड्रम, त्यांना चार मोटरी, आणि ड्रम भरायला, उपसायला, झाडायला अकरा बायका. मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून तिथं सुपरवायझर म्हणून चिकटलो होतो. मालकाचा भाचा, त्यात डिप्लोमा. त्यामुळं माझी मान जरा जास्तच ताठ असायची. बायका ती अधूनमधून वाकवायच्या. संध्याकाळी मी नखशिखांत पिवळा होऊन निघालो की कुणीतरी हमखास विचारायची, “धनूदादा, हळद तर रोजच लागतीया तुमास्नी, अक्षता कवा?”

महिन्याभरात आमच्या दोन मोटरी जळाल्या होत्या. स्टार्टर जुने, त्यांच्या आतल्या तांब्याच्या पट्ट्या पार झिजलेल्या. मोटरी भरायला, म्हणजे आतली जळालेली तार बदलून घ्यायला, शिकलगारांच्या दुकानात टाकल्या, तर तिथून निरोप आला : मोटर भरून देऊ, पण त्याच स्टार्टरवर लावणार असाल तर पुढच्या महिन्यात परत भरायला आणा. निरोप पाठवणारी हीच, दिलशाद शिकलगार. वडील मोटर भरायचे आणि घरातल्या बायका दुपारी अंगणात बसून तारेच्या गुंडाळ्या करून द्यायच्या. दिलशाद दहाव्या वर्षापासून गुंडाळ्या करत होती. वडील थकले तशी ती दुकानात आली आणि दुकान तिचंच झालं. शिक्षण सातवी. सगळे तिला दिलशादआक्का म्हणायचे; वय असेल पस्तीस.

चार दिवसांत तिनं चार नवे स्टार्टर एका पॅनेलमध्ये बसवले. मी मदतीला होतो, म्हणजे मला तसं वाटत होतं. ती तारा अशा वळवायची की एक तार दुसरीच्या अंगावर जायची नाही. प्रत्येक तारेच्या टोकाला नंबराची चिठ्ठी. पुढं मी मोठमोठ्या कारखान्यांत नोकऱ्या केल्या, परदेशी पॅनेलंही उघडून बघितली, पण इतकं नेटकं काम क्वचित पाहिलं. तेव्हा मात्र माझ्या डोक्यात एकच होतं, ही बाई मला कधीतरी अडखळलेली सापडली पाहिजे.

“डिप्लोमासाहेब,” दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, “हिरवं बटण दाबलं की काय होतं?”

स्टार्टरची आकृती मी परीक्षेत काढली होती आणि दहापैकी नऊ मार्क घेतले होते. मी घडाघडा सांगितलं. बटण दाबलं की आतल्या कॉइलला वीज मिळते, कॉइलचा लोहचुंबक होतो, तो पट्टी ओढून घेतो, तिन्ही फेज मोटरीला जातात. त्याच पट्टीबरोबर बाजूचा एक छोटा संपर्क जुळतो आणि त्यातून कॉइलला वीज मिळत राहते.

“तो छोटा संपर्क कशाला?”

“आपण बोट उचललं तरी मोटर चालू राहावी म्हणून. कॉइल स्वतःच स्वतःला धरून ठेवते.”

“बरोबर,” ती म्हणाली. “पण हे अर्धं झालं.”

उरलेलं अर्धं काय, ते मी विचारलं नाही. डिप्लोमावाल्यानं सातवी पास बाईला काय विचारायचं?

चौथ्या दिवशी तिनं प्रत्येक ड्रमच्या तोंडाशी एकेक जादा लाल बटण बसवलं. भोवऱ्याएवढं मोठं, आणि त्याच्या पोटात किल्ली. ते दाबायचं, किल्ली काढून घ्यायची. मग ते दाबलेलंच राहतं. परत सोडवायचं तर तीच किल्ली लागते. मग तिनं सगळ्या बायकांना गोळा केलं.

“हे बटण कुणाचं?”

“मालकांचं,” कुणीतरी म्हणाली.

“मालक कधी ड्रमात शिरलाय?”

बायका खो खो हसल्या. आण्णामामांचं पोट बघता ड्रमच्या दारात त्यांचा एक हातही कसाबसा मावला असता.

“जी आत शिरते तिचं हे बटण. आता माझ्यासमोर रांग लावा. पोत्यापासनं ड्रमापर्यंत पाटी द्या बघू हातोहात.”

बायकांनी रांग लावली. हळकुंडांनी भरलेली पाटी या हातातून त्या हातात सरकायला लागली. आक्का म्हणाली, “तानूबाई, हात खाली घ्या.” रांगेत मधोमध उभ्या असलेल्या तानूबाईनं हात खाली घेतले आणि पाटी तिच्या अलीकडच्या बाईच्या हातात अडून राहिली.

“बघितलं? पाटी चालायला सगळ्यांचे हात लागतात. थांबवायला एकीचे पुरतात. प्रत्येक ड्रमची दोन लाल बटणं, पॅनेलवरचं आणि हे, अशीच एकापाठोपाठ ओवल्यात. त्यातलं कुठलंही एक दाबलं की तो ड्रम थांबला. मग पॅनेलपाशी कुणी पैलवान येऊन हिरवं बटण दाबत बसला तरी चालू व्हायचा न्हाई. किल्ली कंबरेला लावायची आणि मगच आत जायचं.”

तानूबाई तुपारीकडची, चाळिशीची, काटक. ड्रम झाडायचं काम तिच्याकडं. जाळीत साल आणि मुळं अडकून बसली की ती ड्रमच्या दारातून कंबरेपर्यंत आत जायची आणि तारेच्या ब्रशनं जाळी मोकळी करायची. तिनं किल्ली उलटीसुलटी करून बघितली आणि कंबरेशी लुगड्याच्या केळात खोचली. तिजोरीची किल्ली मिळालेल्या सुनेसारखी ती त्या दिवशी मिरवत होती.

मला ते अजिबात रुचलं नाही. सुपरवायझर मी आणि किल्ल्या बायकांकडं! मामांना तर त्याहून रुचलं नाही.

“म्हणजे माझी मिल चालू करायची का न्हाई, ते तानूबाई ठरवणार व्हय?” त्यांनी आक्काला विचारलं.

“तानूबाई आत असली तर व्हय.”

“बरं, ते ऱ्हाऊ दे. ऑटो कुठं टाकलंय?”

ऑटो म्हणजे काय, ते आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक. विजेचा काही भरवसा नसायचा. म्हणून विहिरीवरच्या मोटरीला अशी जोडणी करायची की वीज आल्याबरोबर मोटर आपोआप सुरू व्हावी. मामांच्या मळ्यात होती, शेजाऱ्याच्या होती, सगळ्यांच्या होती. मिलमध्येही लाईट दिवसात आठ-दहा वेळा जायची आणि दर वेळी मला जाऊन चार बटणं दाबावी लागायची. मी गोदामात असलो की तेवढा वेळ ड्रम उभे. सोमवारी गाडी भरून मुंबईला जायची होती.

“ऑटो टाकणार न्हाई,” आक्का म्हणाली.

“मळ्यात चालतंय की!”

“मळ्यातली मोटर विहिरीत असती. तिथं कुणी हात घालत न्हाई.”

“शेवटी मिल माझी हाय.”

“मिल तुमची. पॅनेलवर नाव माझं हाय,” तिनं सांगितलं आणि पेटी बांधली. “शनिवारी चारला येते. माल भरून ड्रम चालू असताना मोटरी किती करंट घेतात ते बघायचंय.”

ती गेल्यावर मामा माझ्याकडं वळले. “काय रे धनपाल, डिप्लोमा काय भिंतीला टांगायला केलास?”

एवढंच बोलले. एवढ्यानं भागलं. हिरव्या बटणाच्या दोन टोकांना तारेचा एक तुकडा जोडला की ते बटण कायमचं दाबल्यासारखं होतं, हे मला समजत होतं. चार तुकडे, चार बटणं, पाव तासाचं काम. शुक्रवारी संध्याकाळी बायका गेल्यावर मी ते करून टाकलं आणि स्वतःवर खूश होऊन घरी गेलो.

शनिवारी दुपारी साडेतीनला लाईट गेली. चारही ड्रम गरगरत गरगरत थांबले. तीन नंबरची जाळी सकाळपासूनच तुंबली होती. तानूबाईनं ब्रश उचलला.

“लाईट न्हाई तवर झाडून घेते, दादा.”

तिनं त्यातला माल खाली घेतला, दार उघडं ठेवलं आणि लाल बटण दाबून किल्ली काढायला लागली. नवीनच होती, जरा अडकत होती. मला घाई.

“आता कशाला किल्लीचं सोंग, तानूबाई? लाईटच नाही. शिरा आत आणि उरका पटकन.”

“आक्कानं सांगितलंय न्हवं,” ती म्हणाली. “आपलं काय जातंय?”

किल्ली निघाली. तिनं ती केळात खोचली आणि कंबरेपर्यंत आत गेली. मी बाहेर अंगणात वजनकाट्यापाशी पोती मोजत उभा राहिलो.

पंधरा मिनिटं गेली असतील. शेडमधून आवाज आला. खट्ट. खट्ट. खट्ट. पट्ट्या ओढल्याचा आवाज, आणि पाठोपाठ ड्रमांची घरघर.

खरं सांगतो, पहिल्यांदा मला आनंद झाला. आपलं ऑटो चाललं! कुणी बटणापर्यंत गेलं नाही आणि मिल सुरू झाली. मामांना सांगायला मी तोंडही उघडलं असेन. मग डोळ्यांपुढं तीन नंबरचं उघडं दार आलं.

काट्यापासून शेडपर्यंत तीस पावलं असतील. ती मी कशी ओलांडली, मला आठवत नाही. आठवतात ते दारातून बाहेर आलेले दोन पाय. तळवे पिवळेधमक, टाचांना भेगा. हलत नव्हते. एक नंबर फिरत होता, दोन फिरत होता, चार फिरत होता. तीन नंबर उभा होता.

मग आतून खरखर ऐकू आली. ब्रशची.

“कोन हाय?” तानूबाई आतून ओरडली. “उजेड कशाला अडवलाय?”

मी दारातून बाजूला झालो. ती मागं सरकत बाहेर आली, पापण्यांवरची हळद झाडली आणि फिरणाऱ्या ड्रमांकडं बघितलं.

“बाकीचे डरम कुणी चालू केले?”

“मी,” मी म्हणालो.

“तरीच. पळतच आलासा जनू. केवढा घाम आलाय बगा.” तिनं आपली पाण्याची बाटली माझ्यापुढं धरली. “घ्या, पानी प्या.”

मी प्यालो. माणसाला आपली लाज पाण्याबरोबर गिळता येते का, ते मी त्या दिवशी करून पाहिलं. येत नाही.

तसाच पॅनेलपाशी गेलो, मेन स्विच खाली ओढला आणि झाकण उघडलं. एकेक तुकडा सोडवायला लागलो. तीन तुकडे काढून झाले होते, चौथा निघत होता, तेव्हा मागून आवाज आला.

“मी चारला येते म्हणून सांगितलं होतं.”

दिलशादआक्का. काखेत करंट मोजायचा टाँग टेस्टर. तिनं माझ्या मुठीतले तारेचे तुकडे बघितले, मग पॅनेल बघितलं, मग मला. मला वाटलं, आता ही सगळ्या मिलला ऐकू जाईल असं ओरडणार.

“आत कोण होतं?” तिनं हळूच विचारलं.

“तानूबाई. तीन नंबरात.”

“बटण दाबलं होतं?”

“हो. मी नको म्हणालो होतो.”

ती आपल्या पत्र्याच्या पेटीवर बसली. तिचे ओठ हलत होते. काहीतरी पुटपुटत असावी.

“मी पण टाकलं होतं एकदा,” मग ती म्हणाली. “वडलांच्या हाताखालून सुटून केलेलं माझं पहिलं काम. कडबाकुट्टीला. मालक म्हणाला, ऑटो टाक, म्हटलं टाकू की, आपल्याला येतंय. त्याचा गडी पात्यातला कडबा काढत होता. तीन बोटं. उजव्या हाताची.” तिनं आपलाच उजवा हात उघडून बघितला. “दर ईदला मी शीरखुर्मा घेऊन त्याच्या घरी जाते. त्यानं माफ केलंय मला. चहा पाजतो. डाव्या हातानं कप देतो.”

तोच हात तिनं उघड्या पॅनेलकडं केला.

“तुम्ही म्हणाला होता, छोटा संपर्क कशासाठी, तर बोट काढलं तरी मोटर चालू राहावी म्हणून. ते अर्धं. उरलेलं अर्धं असं की लाईट गेली की त्यानं हात सोडावा आणि सगळं विसरून जावं. लाईट आली तरी त्याला आठवता कामा नये. माणसानं यायचं, बघायचं, आत कुणी न्हाई ना, आणि मग आपल्या बोटानं चालू करायचं. ज्या कुणी हा स्टार्टर पहिल्यांदा जोडला ना, साहेब, त्याला मी रोज सलाम करते. त्यानं मशीनला विसरायला शिकवलं. आणि तुम्ही तारेच्या चार तुकड्यांनी त्याला सगळं ध्यानात ठेवायला लावलंत.”

नऊ मार्कांची आकृती मला त्या क्षणी पहिल्यांदा कळली. आणि ती समजावून सांगणारी बाई समोर पेटीवर बसली होती, जिला मी चार दिवस अडखळताना पकडायला टपलो होतो. तिनं पॅनेल माझ्यासारख्यांच्या भरवशावर सोडलंच नव्हतं. ती थेट तानूबाईपर्यंत पोचली होती. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. पण ती पाया पडू देणाऱ्यातली नव्हती.

“मामांना सांगणार?” मी विचारलं.

“मालकांना सांगायचं का न्हाई, ते तुमचं तुम्ही बघा. ज्यांना सांगायला पाहिजे ते वेगळं माणूस हाय.”

तिनं चौथा तुकडा काढला, झाकण लावलं, मेन वर केला. तीन हिरवी बटणं दाबली. दर वेळी दाबण्याआधी मान वळवून ड्रमकडं बघून घेतलं. मग करंट मोजले आणि वहीत लिहिले.

साडेचारला चहा झाला. बायका अंगणात लिंबाखाली बसल्या होत्या. मी त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिलो. माझ्या मुठीत ते चार तुकडे होते.

“तानूबाई, मगाशी ड्रम मी चालू केले नाहीत. लाईट आल्याबरोबर ते आपोआप चालू झाले. मी काल तार टाकली होती. तुम्ही किल्ली काढली नसती तर तीन नंबरपण फिरला असता.”

बशीतला चहा पिणाऱ्या बायका थांबल्या. एकीनं पदर तोंडाला लावला. तानूबाई माझ्याकडं बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग दिसेना. ती बहुतेक मनातल्या मनात ते पंधरा मिनिटांचं झाडणं पुन्हा एकदा झाडत होती.

“आन् मला म्हनला, किल्लीचं सोंग कशाला,” ती शेवटी म्हणाली.

“हो.”

ती उठली. खाली ठेवलेला तारेचा ब्रश तिनं उचलला आणि माझ्या हातात दिला. मग केळातली किल्ली काढून तीही दिली.

“तीन नंबर अजून अर्धाच झालाय. जावा.”

मी दिलशादआक्काकडं बघितलं. ती चहात बटर बुडवून खात होती.

मी शेडमध्ये गेलो. बटण दाबलेलंच होतं, तरी दोनदा चाचपून पाहिलं. किल्ली खिशात घातली आणि दारातून कंबरेपर्यंत आत शिरलो. पाच वर्षं मिलमध्ये होतो, ड्रममध्ये मात्र कधी शिरलो नव्हतो. आत श्वास घेतला की नाकात, घशात तिखट धूळ. शेजारचे दोन्ही ड्रम माल भरून फिरत होते. त्यांच्या धक्क्यानं आमचा सगळा सांगाडा थरथरत होता. पोटाखालची जाळी हलली असं मला क्षणाक्षणाला वाटायचं. लाईट होती, मेन चालू होता, मोटर माझ्या पायांपासून दोन हातांवर होती.

“पॅनेलपाशी कोण आहे?” मी ओरडलो.

उत्तर आलं नाही. घरघरीत ऐकू गेलं नसेल म्हणून आणखी मोठ्यानं ओरडलो. तरी नाही. बाहेर यावंसं वाटलं. पण अर्धी जाळी टाकून बाहेर येऊन तानूबाईला तोंड कसं दाखवणार? मग डोळे मिटून घासायला लागलो. साल सुटून तोंडावर पडत होती. पहिल्यांदा हात जोरजोरात चालले, मग जरा हळू. निम्म्यात केव्हातरी माझ्या लक्षात आलं की मी ओरडायचा थांबलोय आणि जाळी नीट बघून झाडतोय.

बाहेर आलो तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पॅनेलपाशी कुणीही नव्हतं. सगळ्या जणी अजून लिंबाखालीच होत्या, आक्कासुद्धा. मी डोळे पुसत तिथं गेलो.

“मी आत असताना पॅनेलपाशी कोण थांबलं होतं?”

“कुनीच न्हाई,” तानूबाईनं माझ्यापुढं चहाची कपबशी सरकवली. “किल्ली तुमच्यापाशी असताना दुसऱ्या कुनाचं काय काम?”